दिवा मालवल्यासारखं

"आत कुणीतरी दिवा मालवल्यासारखं होतं," आई म्हणाली. "लगेच परत लागतो. पण मधलं काही आठवत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि फाइल उलटायला घेतली. ईसीजी, इको, साखर, थायरॉइड, मेंदूचा एमआरआय, २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगून हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र. पान उलटताना ते प्रत्येक कागदावर टिचकी मारल्यासारखं बोट आपटत होते. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, काकू. काळजी करण्यासारखं काही नाही." बोलणं प्रेमळ होतं. बाहेर पंधरा-वीस माणसं ताटकळत बसली होती, तरी त्यांनी आवाज चढवला नाही की घाई दाखवली नाही. मी मात्र बाजूच्या खुर्चीतून आईचा चेहरा पाहत होते. उत्तर बरोबर लिहूनही पेपरात शून्य मिळालेल्या मुलीचा असावा तसा तो झाला होता.

जिना उतरताना ती कठड्याला धरून थांबली. "मी काय खोटं सांगतेय का गं?"

हातातल्या कागदावर मन शांत करणारी एक गोळी लिहिलेली होती, रात्री झोपताना.

आईनं ३६ वर्षं शाळेत भाषा शिकवली. मुलांच्या निबंधात "खूप छान वाटले" असं आलं की ती समासात लिहायची, "छान म्हणजे कसे?" त्यामुळे स्वतःच्या दुखण्याबद्दलही ती मोघम बोलत नाही. तिला चक्कर येत नव्हती, कारण चक्कर आली की भोवतालचं फिरतं आणि तिचं काही फिरत नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारीही येत नव्हती, कारण अंधारी येताना कळते, हळूहळू उतरते. हे एकदम व्हायचं. म्हणून तिनं फार शोधून तो शब्द काढला होता, दिवा मालवल्यासारखं. तपासणीच्या खोलीत त्याचं काय झालं? कागदावर "गिडीनेस", म्हणजे चक्कर, असं उमटलं. ज्या शब्दाला ती नाही म्हणत होती, तोच.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून आहे. आपल्या शरीराबद्दल आपण जे सांगतो त्याला साक्ष म्हणून किती किंमत उरली आहे? आणि ती कमी झाली असेल, तर केव्हापासून?

अठराव्या शतकात युरोपात पत्रावर उपचार चालत. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी तिसो नावाचे नामांकित डॉक्टर होते. त्यांना दूरदूरहून लोक लांबलचक पत्रं लिहीत. कुठे काय होतं, झोप कशी लागते, मन कशानं उदास होतं, सगळं. डॉक्टर ते वाचून उत्तरादाखल सल्ला पाठवत, रोग्याला न पाहता, न शिवता. आज ऐकताना विचित्र वाटतं, पण त्या काळी रोगाचं ज्ञान मुख्यतः रोग्याच्या सांगण्यातच होतं. त्या दिवसांचं मला मुळीच कौतुक नाही. सगळं ऐकून घेऊनही डॉक्टरांच्या हाती फार थोडं होतं, आणि जे होतं त्यात रक्त काढण्यासारखे उपाय रोगाहून वाईट होते. ऐकून घेतलेली माणसंही धडाधड मरत.

मग १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लेनेक यांच्यापुढे हृदयाची तक्रार असलेली एक तरुण बाई आली. छातीला थेट कान लावणं तिच्या वयामुळे त्यांना प्रशस्त वाटेना, आणि अंगानं स्थूल असल्यामुळे हातानं चाचपूनही काही कळेना. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणी खरवडली की दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं, ही गोष्ट त्यांना आठवली. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं. नुसत्या कानानं कधी आलं नव्हतं इतकं लख्ख ऐकू आलं. पुढे त्यांनी लाकडाची नळी करून घेतली आणि तीन वर्षं छात्या ऐकल्या. जे रोगी दगावले त्यांची शवं उघडून, ऐकलेल्या प्रत्येक आवाजाशी आतली जखम जुळवली. क्षयाचं फुप्फुस कसं वाजतं, न्यूमोनियाचं कसं, हे माणूस जिवंत असताना सांगता येऊ लागलं. १८२६ मध्ये लेनेक स्वतः क्षयानं गेले, ४५ व्या वर्षी. त्यांच्या छातीवर त्यांचीच नळी लावून ऐकणारा त्यांचा पुतण्या होता.

मला त्या बाईबद्दल विचार करावासा वाटतो. तिचं नावही मागे राहिलेलं नाही. त्या दिवशी तिच्या छातीतलं असं काहीतरी डॉक्टरांना ऐकू आलं, जे तिला स्वतःला कधीच ऐकू येणार नव्हतं. छातीवर बोटं ठोकून आवाज पारखण्याची पद्धत त्याआधीही, १७६१ मध्ये, आउएनब्रुगर यांनी लिहून ठेवली होती. पण ती रुळायला फार वेळ लागला. नळीनं काम झपाट्यानं केलं. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी या साऱ्या बदलाची खूण एका प्रश्नात पकडली आहे. आधीचे डॉक्टर विचारत, "तुम्हाला काय होतंय?" नंतरचे विचारू लागले, "कुठे दुखतंय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सांगायला गोष्ट लागते. दुसऱ्याला बोट दाखवलं की पुरतं.

आईला बोट दाखवायला जागाच नव्हती. तिचं दुखत काहीच नव्हतं.

आपल्या भाषेत अंगाचं सांगायला किती शब्द आहेत, हे मी त्या महिन्यांत पहिल्यांदा मोजायला बसले. कळ येते ती पोटात किंवा काळजात, ठणका लागतो तो दाताला, ठसठसतं ते गळू. पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पायाला मुंग्या येतात, मान अवघडते, डोळे चुरचुरतात. जखम भळभळते आणि झोंबते. जुना घाव सलतो. जीव घाबरा होतो, कासावीस होतो, वरखाली होतो. आणि "कणकण"! थर्मामीटर लावला तर पारा जागचा हलत नाही, पण अंगात कणकण असते, ज्याला असते त्याला पक्की ठाऊक असते. ताप यायच्या आधीचा तो निरोप आहे. कणकणीला आकडा नाही. पण म्हणून ती नसते का?

रुग्णालयात मात्र विचारतात, "० ते १० मध्ये किती दुखतंय?" एकदा पित्ताशयाच्या खड्यांनी मी तळमळत होते तेव्हा मलाही विचारलं होतं. मी ७ म्हटलं. ८ म्हणावंसं वाटत होतं, पण अतिशयोक्ती वाटेल अशी भीती होती. एवढ्या वेदनेतही मी समोरच्याला काय वाटेल याचा हिशेब करत होते.

वैद्यकातल्या सगळ्यांनीच शब्दांकडे पाठ फिरवली असं मात्र नाही, आणि हे मला मनापासून सांगायचं आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी रोग्यांच्या तोंडचे वेदनेचे शब्द वर्षानुवर्षं टिपले. १९७५ मध्ये त्यांनी त्यातून मॅकगिल विद्यापीठाच्या नावाची प्रश्नावली केली. तिच्यात ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. धडधडणारी, भोसकणारी, जाळणारी, पिळवटणारी, थकवणारी, शिक्षा केल्यासारखी. नसांतून उठणारं दुखणं आणि सांध्याचं दुखणं यांसाठी माणसं वेगळे शब्द निवडतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे शब्दाला निदानाची किंमत असते. रोगी जे बोलतो ते मोजमापाआधीचा पाल्हाळ नसतं.

एक्स-रेला आपण अजून "फोटो" म्हणतो. "छातीचा फोटो काढून आणा." हा शब्द मला फार खरा वाटतो. १८९५ च्या २२ डिसेंबरला विल्हेल्म रॉन्टगेन यांनी बायकोचा, बेर्टाचा, हात किरणांखाली ठेवला. काचेवर हाडं उमटली आणि एका बोटाच्या हाडाभोवती अंगठी तरंगत राहिली. ते पाहून "मी माझं मरण पाहिलं," असं ती म्हणाल्याचं सांगतात. त्यानंतर काही महिन्यांत जगभर हातांचे फोटो निघू लागले. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली त्या किरणांशी रोज खेळला; आधी कातडी गेली, मग हात कापावे लागले, १९०४ मध्ये तो वारला. पाहण्याची ओढ एवढी दांडगी होती की जळणाऱ्या हातांनी बोललेलंही कुणाला ऐकू गेलं नाही.

आणि फोटोत जे आलं नाही ते नाहीच, असं मानायची सवय तिथूनच लागली असावी. आईच्या मेंदूचा फोटो स्वच्छ होता.

मग "नॉर्मल" म्हणजे काय, या शब्दापाशी मी बराच काळ अडकून पडले. अडकायला माझं स्वतःचंही कारण होतं. आईच्या फेऱ्यांबरोबर एकदा मीही हाडांची घनता तपासून घेतली. टी-स्कोअर उणे १.८ आला आणि खाली लिहिलेलं होतं, ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं थोडी विरळ झालेली. सकाळी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलेली मी संध्याकाळी तो धरून उतरले. हाडं तीच होती. कुठे काही दुखत नव्हतं. पण दोन-तीन महिने माझ्या शरीरात माझ्याऐवजी एक काचेचा सांगाडा राहायला आला होता, त्याला सांभाळून मी चालत होते.

नंतर वाचत गेले. जागतिक आरोग्य संघटनेनं नेमलेल्या एका गटानं १९९४ मध्ये या रेषा आखल्या. तरुण बाईच्या हाडांची सरासरी धरायची. तिथून उणे २.५ च्या खाली ऑस्टिओपोरोसिस, उणे १ ते उणे २.५ मध्ये ऑस्टिओपेनिया. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या बाईची तुलना तरुण बाईशी! अशी तुलना केली की त्या मधल्या पट्ट्यात बायकाच बायका सापडणार. वय होणं हेच तिथे अर्ध्या आजाराचं नाव झालं. रेषा आखणाऱ्यांवर माझा राग नाही. खरोखर ठिसूळ झालेली हाडं वेळेत ओळखली तर खुबा मोडण्यापासून माणूस वाचतो, आणि खुबा मोडणं म्हातारपणी जीवघेणं ठरू शकतं. पण रेषा आखलेली आहे, सापडलेली नाही, हे मला त्या कागदावर कुणी सांगितलं नव्हतं.

रेषा सरकतातही. १९९८ मध्ये अमेरिकेत वजन जास्त ठरवायची बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणाऱ्या आकड्याची, सीमा २७ च्या पुढून २५ वर आणली गेली. एक ग्रॅमही न वाढता कोट्यवधी माणसं वजनदार ठरली. २०१७ मध्ये तिथल्याच हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी उच्च रक्तदाबाची सीमा १४०/९० वरून १३०/८० केली. आदल्या व्याख्येनं सुमारे ३२ टक्के प्रौढ त्या गटात होते, नव्या व्याख्येनं सुमारे ४६ टक्के झाले. त्या नव्यानं आलेल्या बहुतेकांना गोळी सुचवलेली नव्हती, चालायला आणि मीठ कमी करायला सांगितलं होतं, हे न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. सीमा खाली आणल्यानं काहींचे झटके टळत असतील. तरी त्या रात्री किती जण निरोगी झोपले आणि रोगी उठले, हे माझ्या मनातून जात नाही. ३७ अंश सेल्सिअसही असाच एक आकडा. जर्मनीत लाइपझिगला वुंडरलिख यांनी हजारो रोग्यांच्या बगलेत फूटभर लांबीचे थर्मामीटर लावून, लाखो नोंदी गोळा करून १८६८ मध्ये तो मांडला. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दीडशे वर्षांच्या नोंदी ताडून दाखवलं की माणसांचं सरासरी तापमान तेव्हापासून हळूहळू उतरत आलं आहे. आकडा भिंतीवर कोरल्यासारखा जागच्या जागी आहे आणि शरीरं त्याच्याखालून सरकत गेली आहेत.

दक्षिण कोरियात जे झालं ते वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. तिथे १९९९ पासून कर्करोगाच्या तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी तिच्यात नव्हती, पण थोड्या जादा पैशांत तीही करून देत. यंत्रं चांगली होती, डॉक्टर कुशल होते, हेतू निर्मळ होता. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. आणि त्या कर्करोगानं मरणाऱ्यांचं प्रमाण? जिथल्या तिथे. म्हणजे गळ्यात निमूट पडून असलेल्या, कदाचित जन्मभर काहीच न करणाऱ्या गाठी यंत्रानं शोधल्या, आणि शोधल्यावर गप्प बसणं कुणालाच जमलं नाही. हजारो गळे उघडले गेले. ज्यांची पूर्ण ग्रंथी निघाली त्यांना जन्मभर रोज एक गोळी. काहींच्या आवाजाची नस दुखावली, आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी हे जाहीरपणे मांडलं, तेव्हा शस्त्रक्रिया झपाट्यानं कमी झाल्या. त्या डॉक्टरांबद्दल मला विलक्षण आदर वाटतो. आपल्याच यंत्राला "पुरे" म्हणायला धैर्य लागतं.

इथे मी आईच्या उलट टोकाला पोचते, याची मला जाणीव आहे. आईला काहीतरी होत होतं आणि यंत्राला दिसत नव्हतं. त्या माणसांना काहीच होत नव्हतं आणि यंत्राला दिसत होतं. दोन्हीकडे ज्याचं शरीर त्याला एकच वाक्य ऐकावं लागलं: तुम्हाला काय वाटतं त्याला महत्त्व नाही.

यंत्र कुणाच्या अंगावर घडलं, हाही प्रश्न आहेच. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन सांगणारं उपकरण ही जपानच्या ताकुओ आओयागी यांची १९७० च्या दशकातली देणगी. तिनं भुलीखालच्या किती माणसांना वाचवलं असेल याला गणती नाही. पण ते कातडीतून उजेड पाठवून मोजतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की रक्तात ऑक्सिजन खरोखर उतरलेला असूनही चिमट्यानं तो ठीक दाखवण्याची चूक गोऱ्या रोग्यांपेक्षा काळ्या रोग्यांत जवळजवळ तिप्पट वेळा होते. महासाथीच्या त्या वर्षात खाट कुणाला द्यायची हे त्या आकड्यावर ठरत होतं. "मला श्वास पुरत नाहीये," असं म्हणणाऱ्या माणसाला, ९४ आहे, घरी जा, असं किती ठिकाणी सांगितलं गेलं असेल?

आईकडे येते.

चौथ्या डॉक्टर वयानं तरुण होत्या. त्यांनी फाइल घेतली, पण उघडली नाही, तिच्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय होतंय ते तुमच्या शब्दांत सांगा." आई सांगू लागली आणि त्या मध्ये बोलल्या नाहीत. १९८४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, रोग्यानं बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात असं आढळलं होतं. तेव्हा टेबलावर संगणकही नव्हता. २०१६ मधल्या एका अभ्यासात तिथले डॉक्टर रोग्याबरोबर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास नोंदी आणि टेबलावरच्या कामांत घालवताना दिसले. मी दोष देत नाही. आईला शून्य देणारे ते पहिले डॉक्टरही दिवसभर कागदांच्या ढिगाऱ्याखालीच होते. पण त्या दिवशी आई साधारण चार मिनिटं बोलली, एवढंच मी नोंदवते.

डॉक्टरांनी विचारलं, "दिवा लागल्यावर पहिलं काय कळतं?"

आईनं विचार केला. "छातीत एक मोठा ठोका. दार आपटल्यासारखा."

"म्हणजे आधी दार बंद असतं," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग त्यांनी आम्हाला समजावलं. हृदय काही सेकंद थांबत असेल तर मेंदूचा पुरवठा तुटतो, शुद्ध हरपते. पुन्हा सुरू होताना पहिला ठोका जोरकस लागतो. हे महिन्यातून दोनदा होत असेल तर २४ तासांच्या यंत्रात सापडायचं कसं? नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी टिपायचं पहिलं यंत्र केलं, तेव्हा ते पाठीवर घ्यावं लागे आणि त्याचं वजन ३८ किलोच्या घरात होतं. आता छातीच्या कातडीखाली काडीएवढी पट्टी ठेवतात, ती वर्षानुवर्षं नोंद करत राहते. आईच्या छातीत ती बसवली. पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, भांडं विसळता विसळता दिवा मालवला. पट्टीवर ५.२ सेकंदांची सरळ रेघ होती.

रेघ दाखवल्यावर आई रडली. डॉक्टरांना वाटलं घाबरली. ती मला म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

मला त्या वाक्याचा आनंदही झाला आणि रागही आला. यंत्रानंच तिला वाचवलं, ही गोष्ट मी कुणालाही, कधीही छातीठोकपणे सांगेन. पण १४ महिने एका शहाण्या बाईला स्वतःच्या शब्दावरचा विश्वास गमवावा लागला आणि तो परत मिळायला कागदावर रेघ यावी लागली. ती रेघ शोधायची कुठे, हे मात्र तिच्या "दार आपटल्यासारख्या" ठोक्यानं सांगितलं. हे कुठल्या रिपोर्टात लिहिलेलं नाही.

पेसमेकर बसवायचा ठरल्यावर मी आर्ने लार्सन यांची गोष्ट वाचली आणि आईलाही वाचून दाखवली. स्वीडनच्या या माणसाचं हृदय १९५८ मध्ये दिवसातून वीस-तीसदा थांबत होतं. त्यांची बायको एल्से-मारी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्त यांच्या मागेच लागली. यंत्र तयार नाही, असं ते म्हणाले. मग तयार करा, असं ती म्हणाली. एल्मक्विस्त यांनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात ते ओतलं. ८ ऑक्टोबरला बसवलेलं पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण लार्सन जगले. पुढच्या ४३ वर्षांत त्यांना २६ पेसमेकर लागले, आणि २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी, हृदयाशी संबंध नसलेल्या आजारानं ते गेले, शल्यविशारद आणि अभियंता दोघांच्याही मागून. आईला एल्से-मारी सर्वांत आवडली. "ती बाई ऐकून परत गेली नाही," ती म्हणाली.

आता आईच्या डाव्या कॉलरबोनच्या खाली एक उंचवटा आहे. पहिले काही महिने ती झोपेत त्याच्यावर हात ठेवायची. पलंगाशेजारी एक डबी असते, ती रात्री पेसमेकरशी बोलते आणि नोंदी पाठवून देते, आईला नव्हे, दवाखान्याला. आईनं एकदा विचारलं, "माझ्या हृदयाची माहिती मला का नाही?" उत्तर आलं की ती समजायला अवघड असते. कॅरन सँडलर नावाच्या अमेरिकी वकील बाईंनी हाच प्रश्न कितीतरी पुढे नेला आहे. त्यांच्या छातीत झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारं यंत्र आहे. ते ज्या संगणक-प्रणालीवर चालतं तिचा कोड वाचायला मिळावा म्हणून त्यांनी कंपन्यांकडे मागणी केली, मिळाला नाही. पुढे त्या गरोदर असताना हृदय थोडं जोरात धडधडलं, गरोदरपणात अनेकींचं धडधडतं तसं, आणि यंत्रानं धोका समजून झटके दिले. अशी यंत्रं बहुधा वयस्कर माणसांत बसतात. गरोदर बाई ते घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसावी.

आणि यंत्रामागची कंपनीच उठून गेली तर? आर्गस टू नावाची कृत्रिम दृष्टी ३५० हून अधिक अंध माणसांना मिळाली होती. चष्म्यात छोटा कॅमेरा, डोळ्याच्या पडद्यावर ६० विद्युत्‌टोकं. दिसायचं ते राखाडी ठिपक्यांसारखं, तरी दाराची चौकट कळायची, फूटपाथची कड कळायची. कंपनीनं २०१९ मध्ये ते उत्पादन थांबवलं. दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत, आणि यंत्र मात्र डोळ्यात. त्याच्या काही वर्षं आधीच न्यूयॉर्कच्या भुयारी स्थानकात गाडी बदलताना एका बाईच्या कानावर तीन बारीक आवाज आले आणि तिला मिळालेला तेवढा उजेडही गेला. तो प्रसंग मी आईला वाचून दाखवला नाही. दिवा मालवणं म्हणजे काय ते तिला मी काय सांगणार?

दर सहा महिन्यांनी पेसमेकरची तपासणी असते. गेल्या वेळी तंत्रज्ञ नवीन मुलगा होता, जेमतेम पंचविशीचा. त्यानं आईच्या छातीवर चकती ठेवली आणि पडद्याकडे तोंड करून बसला. पडद्यावर आईचे ठोके ओळीनं जात होते. बॅटरी अजून नऊ वर्षं. त्यानं काहीतरी दाबलं.

"आता वाढवलंत ना?" आई म्हणाली.

तो वळला. "कळलं तुम्हाला?"

"कळणार नाही? जिना चढल्यासारखं झालं, पण पाय जागेवरच."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. ६० चे ९० झाले होते. मग तो खुर्ची फिरवून आईकडे तोंड करून बसला. "आजी, आता मी एकेक करून बदलतो. काय बदललं ते मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

आईनं चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले.